ताळा जुळला म्हणजे सिद्ध झालं का?

४७ गुणिले ८६ किती? ४०४२. हे उत्तर बरोबर आहे का ते पाहायला कॅल्क्युलेटर हाताशी नसायचा तेव्हा नऊचा ताळा पाहत. ४७ मधले अंक मिळवायचे: ४ + ७ = ११, पुन्हा १ + १ = २. ८६ चे १४, म्हणजे ५. दोन पंचे दहा, म्हणजे १. आता उत्तराचे अंक: ४ + ० + ४ + २ = १०, म्हणजे १. दोन्हीकडे १ आला, ताळा जुळला. हातचा चुकून ४१४२ आलं असतं, तर अंकांची बेरीज ११, म्हणजे २ झाली असती आणि चूक तिथेच सापडली असती.

आता घाईत ४०४२ ऐवजी ४४०२ लिहिलं असं समजा. अंक तेच, जागा बदलल्या. बेरीज पुन्हा १०, ताळा पुन्हा जुळतो. उत्तर मात्र ३६० ने जास्त.

असं का होतं ते पाहू. १० म्हणजे ९ + १, १०० म्हणजे ९९ + १, १००० म्हणजे ९९९ + १. त्यामुळे ४०४२ मधून चार वेळा ९९९ आणि चार वेळा ९ बाजूला काढले की मागे उरते ती नेमकी ४ + ० + ४ + २ ही अंकांची बेरीज. बाजूला काढलेलं सगळं नऊच्या पटीतलं. म्हणजे अंकांची बेरीज आपल्याला एकच गोष्ट सांगते: संख्येला नऊने भागलं तर बाकी किती. बाकी जुळली नाही तर उत्तर नक्की चूक. बाकी जुळली तर उत्तर बरोबर असेल, नाहीतर नऊच्या एखाद्या पटीने चुकलेलं असेल. अंकांची अदलाबदल नेहमी नऊच्या पटीतच फरक पाडते (३६० = ९ × ४०). खतावणीत फरक आला आणि तो नऊने भागला गेला, तर हिशेबनीस आधी उलटे पडलेले अंक शोधतात ते यामुळेच.

गणितात सगळं नक्की असतं असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेकांच्या हातात खरं तर एखादा ताळाच असतो. पुस्तकाच्या मागच्या उत्तराशी जुळलं, सरांनी सांगितलं, कॅल्क्युलेटरवर आलं, दहा-बारा उदाहरणांत खरं निघालं. हे सगळे ताळे उपयोगाचे आहेत. पण गणितज्ञ ज्याला ‘नक्की’ म्हणतात ती वस्तू वेगळी. ती कशी दिसते हे सांगत बसण्यापेक्षा एक अख्खी सिद्धता उलगडून पाहणं सोपं.

कुठलीही तीन अंकी संख्या घ्या, तिन्ही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा, मोठ्यातून लहान वजा करा. येईल त्या उत्तरावर तेच पुन्हा. २७५ घेतलं तर ७५२ − २५७ = ४९५. मग ९५४ − ४५९ = ४९५. अडकलो. १०० घेतलं (म्हणजे १००, आणि उलटं ००१), तर ९९, ८९१, ७९२, ६९३, ५९४, ४९५. पुन्हा तिथेच.

दहा संख्या करून पाहिल्या की वाटायला लागतं, नेहमी ४९५ च येत असणार. शंभर करून पाहिल्या की खात्रीच होते. ही अनुभवाची खात्री. आता सिद्धता.

उतरत्या क्रमातले अंक अ, ब, क असू देत. मोठी संख्या १००अ + १०ब + क, लहान संख्या १००क + १०ब + अ. वजाबाकी केली की मधला ब उडतो आणि उरतं ९९ × (अ − क). अ आणि क एकसारखे नाहीत, म्हणून अ − क हा फरक १ ते ९ यांपैकीच काहीतरी असणार. म्हणजे सुरुवात कुठूनही करा, पहिल्या पायरीनंतर आपण नऊच संख्यांपैकी एकीवर असतो: ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. यांपैकी १९८ आणि ८९१ मधले अंक तेच, म्हणून दोघांची पुढची पायरी एकच. तसंच २९७ आणि ७९२, ३९६ आणि ६९३, ४९५ आणि ५९४. राहता राहिलं ०९९, ते जातं ८९१ वर. आणि ८९१ पासूनची साखळी आपण वर पाहिलीच: ७९२, ६९३, ५९४, ४९५. झालं. नऊच्या नऊ वाटा ४९५ ला मिळाल्या, आणि जास्तीत जास्त सहा पायऱ्यांत.

इथे काय घडलं ते नीट बघा. आपण एकाही संख्येची ‘चाचणी’ घेतली नाही. ज्या संख्या कोणी कधी करून पाहिल्या नसतील त्यांनाही ही साखळी लागू आहे, कारण त्यांना त्या नऊ दारांशिवाय दुसरं दारच नाही. आणि वजाबाकीचं उत्तर नेहमी ९९ च्या पटीत येतं, म्हणजे नऊच्याही पटीत. मघाचाच ताळा, फक्त आता तो पडताळा म्हणून न येता कारण म्हणून आला.

चार अंकांचा हाच खेळ नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली मांडला, आणि त्यातून येणारी ६१७४ ही संख्या जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते. ३५२४ घ्या: ५४३२ − २३४५ = ३०८७. ८७३० − ०३७८ = ८३५२. ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे ७६४१ − १४६७ = ६१७४, आणि तिथेच फिरत राहतं.

सिद्धता तशीच. अंक अ, ब, क, ड असे उतरत्या क्रमात घेतले तर वजाबाकी येते ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क). पहिला फरक १ ते ९. दुसरा फरक ० पासून सुरू होतो आणि पहिल्यापेक्षा मोठा होऊ शकत नाही, कारण ब आणि क हे अ आणि ड यांच्या मधेच बसलेले. मग शक्यता किती? २ + ३ + ४ + … + १० = ५४. सुरुवातीला ९,९९० संख्या होत्या (० ते ९९९९, त्यांतून सगळे अंक सारखे असलेल्या दहा वजा), त्या एका ओळीच्या बीजगणिताने ५४ वर आल्या. कागद-पेन्सिल घेऊन बसलं तर एका दुपारचं काम. सातपेक्षा जास्त पायऱ्या कुणालाही लागत नाहीत.

करताना हमखास होणारी एक चूक म्हणजे पुढचं शून्य गाळणं. २१११ घेतलं तर २१११ − १११२ = ९९९. इथे बरेच जण थांबतात: तिन्ही नऊ, वजाबाकी शून्य, नियम मोडला! नियम मोडलेला नाही. खेळ चार अंकांचा आहे, म्हणून ते ०९९९ लिहायचं: ९९९० − ०९९९ = ८९९१, मग ८०८२, ८५३२, ६१७४. अटीतली एक बारीक गोष्ट सुटली की खरं प्रमेयही खोटं वाटायला लागतं.

तीन अंकांना ४९५, चार अंकांना ६१७४. मग पाच अंकांना कुठली? कुठलीच नाही. ५३९५५ घ्या: ९५५५३ − ३५५५९ = ५९९९४. पुढे ९९९५४ − ४५९९९ = ५३९५५. दोन संख्यांमध्ये टोलवाटोलवी, थांबण्याची सोय नाही. पाच अंकांत अशी तीन वर्तुळं आहेत, आणि तुम्ही कुठल्यात सापडाल ते सुरुवातीवर अवलंबून. पॅटर्न दिसला म्हणून पुढे ढकलला, आणि पाचव्या अंकावर आपटला.

नमुन्यावरून निघालेली खात्री कशी फसवते याची आणखी दोन उदाहरणं द्यायलाच हवीत. वर्तुळावर बिंदू घ्या आणि प्रत्येक दोन बिंदू सरळ रेषेने जोडा. आतले तुकडे मोजा. १ बिंदूला १ तुकडा, २ बिंदूंना २, मग ४, ८, १६. सहा बिंदूंना? ३२ असं उत्तर देण्याचा मोह आवरत नाही, पण तुकडे पडतात ३१. कारण मोजण्याची खरी रीत दुपटीची नाहीच. प्रत्येक रेषा एक तुकडा वाढवते आणि रेषा रेषेला छेदते तो प्रत्येक बिंदू आणखी एक. सहा बिंदूंच्या १५ रेषा, आतले छेद १५, मूळचा १ तुकडा: १ + १५ + १५ = ३१. वर्गात मुलं बिंदू एकसमान अंतरावर घेतात आणि त्यांना ३० तुकडे मिळतात, कारण तीन लांब रेषा मध्यावर एकाच ठिकाणी छेदतात आणि एक तुकडा गायब होतो. बिंदू जरा वाकडेतिकडे घ्यायला सांगावेत.

दुसरं उदाहरण फार मोठ्या पल्ल्याचं. १९१९ मध्ये जॉर्ज पोल्या यांनी एक अटकळ मांडली. संख्येचे मूळ अवयव मोजा (१२ = २ × २ × ३, म्हणजे तीन). पोल्यांचा अंदाज असा की २ पासून पुढे कुठल्याही संख्येपाशी थांबा, तिथवरच्या संख्यांपैकी निम्म्या किंवा निम्म्याहून अधिक संख्यांच्या अवयवांची मोजदाद विषम येते. हजारापर्यंत खरं, लाखापर्यंत खरं, दहा कोटींपर्यंत खरं. १९५८ साली हेझलग्रोव्ह यांनी ही अटकळ कुठेतरी मोडतेच हे दाखवलं, आणि १९८० मध्ये ती पहिल्यांदा मोडते ती जागा सापडली: ९० कोटी ६१ लाख ५० हजार २५७. एवढे पुरावे दुसऱ्या कुठल्याही शास्त्रात मिळाले असते तर तो निसर्गनियम म्हणून पुस्तकात छापला गेला असता, आणि त्यात काही चुकलंही नसतं. गणितात मात्र ९० कोटी उदाहरणांची किंमत एका प्रत्युदाहरणापुढे शून्य. म्हणून दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते ही गोल्डबाखची १७४२ मधली अटकळ आजही अटकळच आहे, जरी संगणकांनी ती ४ वर १८ शून्यं इतक्या मोठ्या संख्येपर्यंत तपासली असली तरी.

पक्षाशिवाय साध्य नाही

भूमितीच्या वहीत आपण पक्ष, साध्य, सिद्धता असे तीन भाग लिहायचो. परीक्षेत ‘पक्ष’ला अर्धा गुण असतो म्हणून तो लिहायचा असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं म्हणजे गणिताची सगळी खात्री त्या पहिल्या ओळीत असते. प्रमेय असं कधीच म्हणत नाही की ‘हे खरं आहे’. ते म्हणतं, ‘पक्षात लिहिलंय ते खरं असेल तर साध्य खरं आहे.’ ‘तर’ हा भाग वज्रासारखा. ‘जर’ची हमी गणित देत नाही, ती आपण द्यायची.

भास्कराचार्यांनी लीलावतीत (इ. स. ११५०) याच मुद्द्यावर चांगलंच झापलं आहे. चौकोनाच्या फक्त चार बाजू सांगून क्षेत्रफळ विचारणारा माणूस पिशाच आहे, आणि उत्तर देणारा त्याहून मोठं पिशाच, असा त्यांचा सूर आहे. कारण चार बाजू ठरल्या तरी चौकोन ठरत नाही. तो चुरमडतो. चार पट्ट्या खिळ्यांनी जोडून चौकट केली तर ती हलते, तसा.

हा राग आजही जागेच्या व्यवहारात उपयोगी पडेल. प्लॉटच्या चारही बाजू १०० फूट आहेत. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करायचा हा सर्रास चालणारा हिशेब: १०० × १०० = १०,००० चौरस फूट, म्हणजे १,०८९ ने भागून ९.१८ गुंठे. आता प्लॉटचे कोपरे काटकोनात नसून एक कोपरा ६० अंशांचा असेल तर? त्या कोपऱ्यासमोरचा कर्णही १०० फूट येतो. प्लॉटचे दोन त्रिकोण होतात, प्रत्येकाच्या तिन्ही बाजू १०० फूट. त्रिकोणाची अर्धपरिमिती १५०, तिच्यातून प्रत्येक बाजू वजा केली की ५०, मग १५० × ५० × ५० × ५० = १,८७,५०,०००, त्याचं वर्गमूळ ४,३३०. दोन त्रिकोणांचे मिळून ८,६६० चौरस फूट, म्हणजे ७.९५ गुंठे. सव्वा गुंठ्याहून थोडासाच कमी इतका फरक, आणि टेप लावणाऱ्याने एकही माप चुकीचं घेतलेलं नाही. कोपरा ३० अंशांचा असता तर क्षेत्र ५,००० वर आलं असतं. सरासरीची रीत फक्त आयतालाच अचूक, बाकी प्रत्येक चौकोनात ती जास्तच क्षेत्र दाखवते. कमी कधीच नाही. ती विकणाऱ्याला का आवडते हे वेगळं सांगायला नको. उपाय साधा आहे: चार बाजूंबरोबर एक कर्ण मोजा. पाच मापांनी चौकोन बांधला जातो.

इथे गुणाकार चुकला नव्हता, सूत्रही खोटं नव्हतं. सूत्राचा पक्ष ‘चारही कोन काटकोन’ असा होता आणि तो कुणी वाचला नाही. व्यवहारात गणित चुकतं तेव्हा दहापैकी नऊ वेळा दोष असा ‘जर’मध्ये असतो असं आमचं मत आहे.

नियमामागची कारणं लिहून ठेवायची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. तिला उपपत्ती म्हणत. ग्रहलाघव लिहिणारे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली, तिचा मोठा भाग अशा उपपत्तींचाच आहे. गणित म्हणजे पाठ केलेली सूत्रं, ही समजूत निदान त्या परंपरेवर लादू नये.

‘जर’ बदललं तर काय होतं याचं सगळ्यांत मोठं उदाहरण म्हणजे त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज. १८० अंश, याइतकं पक्कं शाळेत दुसरं काही वाटत नाही. पण त्या सिद्धतेत एक गृहीतक आहे: रेषेबाहेरच्या बिंदूतून त्या रेषेला समांतर अशी एकच रेषा काढता येते. पृथ्वीच्या गोलावर ते लागू नाही. उत्तर ध्रुवावरून दोन रेखावृत्तं एकमेकांशी ९० अंशांचा कोन करून विषुववृत्तापर्यंत आणा. विषुववृत्ताशी दोन्हींचा कोन ९० अंश. बेरीज २७०. लोबाचेव्हस्की (१८२९) आणि बोयाई (१८३२) यांनी त्या गृहीतकाच्या जागी दुसरंच गृहीतक घेऊन अख्खी वेगळी भूमिती उभी केली, तिच्यात बेरीज १८० हून कमी येते. शाळेतली भूमिती ज्याची, तो युक्लिड खोटा पडला नाही. त्याचा पक्ष कोणता होता ते नव्याने कळलं, इतकंच.

पाय म्हणजे २२/७ नव्हे

‘पाय = २२/७ घ्या’ असं प्रश्नपत्रिकेत लिहिलेलं असतं, आणि त्यातला ‘घ्या’ हा शब्द कुणाच्या लक्षात राहत नाही. २२/७ म्हणजे ३.१४२८५७…, पाय म्हणजे ३.१४१५९२…. ७ मीटर व्यासाच्या विहिरीचा परीघ २२/७ ने २२ मीटर येतो, खरा २१.९९१ मीटर. फरक जेमतेम ९ मिलिमीटर, विहिरीच्या कठड्याला काहीच नाही. भास्कराचार्य दोन्ही देतात: ३९२७/१२५० (म्हणजे ३.१४१६) हे सूक्ष्म, आणि २२/७ हे स्थूल पण व्यवहाराला योग्य. आपल्या वर्गात मात्र ते ‘स्थूल’ गळून पडलं आणि पुष्कळ शिकलेली माणसंही पाय आणि २२/७ एकच समजतात.

याच्या उलट तऱ्हा ०.९९९… ची. शेवट नसलेले नऊ असलेली ही संख्या १ च आहे, अगदी बरोबर १, हे मान्य करायला लोक तयार नसतात. ‘जवळपास एक’ म्हणा, म्हणतात. नेहमीचं उत्तर असं: एक तृतीयांश म्हणजे ०.३३३…, त्याला तीनने गुणलं की ०.९९९…, आणि तीन तृतीयांश म्हणजे १. हे ऐकून माणूस गप्प होतो, पण पटलेलं नसतं. त्याचं बरोबर आहे. ज्याला ०.९९९… विषयी शंका आहे त्याला ०.३३३… विषयीही तीच शंका असायला हवी. ही सिद्धता शंका सोडवत नाही, दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवते.

खरं कारण जरा वेगळं आहे. समजा, १ आणि ०.९९९… यांत काही फरक आहे. तो कितीही लहान असो. एक नऊ घेतला तर १ पासूनचं अंतर एक दशांश, दोन घेतले तर एक शतांश, सहा घेतले तर एक दशलक्षांश. ०.९९९… या संख्येत हे सगळेच नऊ आहेत, म्हणून तिचं १ पासूनचं अंतर या प्रत्येकाहून लहान. तुम्ही सांगितलेला फरक कितीही बारीक असो, पुरेसे नऊ घेतले की हे अंतर त्याच्याही खाली जातं. शून्याहून मोठा असा कुठलाच फरक टिकत नाही. म्हणजे फरक शून्य. यातही एक ‘जर’ लपलेलं आहे: आपल्या नेहमीच्या संख्यांत ‘शून्य नाही, पण प्रत्येक अपूर्णांकाहून लहान’ अशी संख्या नसते. ज्यांना ०.९९९… खटकतं ते बहुधा अशीच एखादी संख्या मनात धरून असतात. त्यांना मूर्खात काढण्यापेक्षा हे गृहीतक समोर ठेवणं जास्त प्रामाणिक.

सिद्धताही माणसंच लिहितात

इथवर सिद्धता म्हणजे अभेद्य किल्ला वाटला असेल. पण सिद्धता लिहितो माणूस, तपासतो माणूस. नकाशा रंगवायला, शेजारच्या दोन प्रदेशांना एक रंग येणार नाही अशा बेताने, चार रंग पुरतात हे केम्प यांनी १८७९ मध्ये सिद्ध केलं. ते अकरा वर्षं सगळ्यांनी मानलं. १८९० मध्ये हीवूड यांनी त्यातलं भोक दाखवलं. प्रमेय खरं होतं, सिद्धता खोटी होती, आणि या दोन गोष्टी एकाच वेळी असू शकतात हे विसरायला होतं.

शेवटी १९७६ मध्ये इलिनॉय विद्यापीठात अॅपेल आणि हाकेन यांनी तो प्रश्न सोडवला तो कापरेकरांच्या ५४ शक्यतांच्याच धर्तीवर: अनंत नकाशे १,४०० हून जास्त आकृत्यांवर आणले आणि त्या संगणकाकडून तपासून घेतल्या. ५४ तुम्ही एका दुपारी करून पाहाल. हजारभर तासांची संगणकाची मेहनत कुणी हाताने तपासणार? ‘ही सिद्धता आहे की मोठा ताळा?’ हा वाद तेव्हापासून सुरू झाला.

अँड्र्यू वाइल्स यांनी जून १९९३ मध्ये केंब्रिजला फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची (न हा दोनपेक्षा मोठा असेल तर दोन धन पूर्ण संख्यांच्या न-व्या घातांची बेरीज तिसऱ्या एखाद्या पूर्ण संख्येच्या न-व्या घाताइतकी होत नाही) सिद्धता जाहीर केली, काही महिन्यांत तपासणीत खोट निघाली, आणि रिचर्ड टेलर यांच्या मदतीने सप्टेंबर १९९४ मध्ये ती बुजली. पद्धत नीट चालली तर असं होतं.

ती अडखळते तेव्हा काय होतं हे केप्लरच्या अटकळीत दिसतं. मोसंबीची रास फळवाला जशी लावतो, खालच्या चार मोसंब्यांच्या खाचेत वरचं एक, त्याहून दाट रचना शक्य नाही असं केप्लर १६११ मध्ये म्हणाला. त्या रचनेत ७४.०५ टक्के जागा भरते. थॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये सिद्धता दिली: शेकडो पानं आणि त्यांच्या जोडीला संगणकाचे प्रोग्रॅम. बारा तज्ज्ञ तपासायला बसले. काही वर्षांनी त्यांनी कळवलं की आम्हाला ९९ टक्के खात्री आहे, पूर्ण तपासणं आमच्या आवाक्याबाहेर आहे. गणितात ९९ टक्के! हेल्स यांनी मग २०१४ पर्यंत खपून सगळी सिद्धता अशा रूपात लिहिली की तिची प्रत्येक पायरी संगणक तर्काच्या नियमांशी ताडून पाहू शकेल. चार रंगांच्या प्रमेयाचं असं रूप जॉर्ज गाँतिए यांनी २००५ मध्ये पूर्ण केलं होतं.

हे काम कसं चालतं ते थोडक्यात. ‘उघड आहे की’ हे शब्द इथे चालत नाहीत. तर्काचे मोजके नियम असलेला एक छोटा गाभा असतो, आणि बाकी कितीही मोठा पसारा असला तरी प्रत्येक पायरी त्या गाभ्यातून पास व्हावी लागते. विश्वास ठेवायचा तो फक्त त्या छोट्या गाभ्यावर. यात चूक राहण्याची सर्वांत मोठी जागा सिद्धतेत नसतेच, ती विधानात असते: सिद्ध करायचं होतं एक आणि संगणकाला लिहून दिलं भलतंच, तर तो भलतंच इमानदारीने सिद्ध करून देतो. पुन्हा पक्ष आणि साध्य नीट वाचायचं काम माणसाकडेच आलं.

तर्कशास्त्रज्ञ गोडेलचं नाव या चर्चेत हमखास निघतं. १९३१ मध्ये त्याने दाखवलं की अंकगणित पोटात घेईल अशी कुठलीही विसंगतीविरहित, नियमांनी नीट मांडलेली पद्धत घ्या, तिच्यात सिद्धही होत नाहीत आणि खोडताही येत नाहीत अशी विधानं राहतातच. ‘म्हणजे गणितातही काही नक्की नाही’ असा अर्थ यातून काढतात, तो चूक. सगळं सिद्ध होऊ शकत नाही आणि सिद्ध झालेलं डळमळीत आहे, या दोन वेगळ्या गोष्टी. तीन अंकी खेळ गोडेलनंतरही ४९५ वरच थांबतो.

सुरुवातीचा ताळा मात्र सुधारता येतो. नऊबरोबर अकराचा ताळाही पाहायचा: उजवीकडून अंक आळीपाळीने अधिक-उणे करायचे, उत्तर ऋण आलं तर ११ मिळवायचे. ४७ चे ७ − ४ = ३. ८६ चे ६ − ८ = −२, म्हणजे ९. तीन नव्वे सत्तावीस, त्यातून २२ काढले की ५. उत्तर ४०४२: २ − ४ + ० − ४ = −६, म्हणजे ५. जुळलं. मघाशी नऊच्या ताळ्यातून निसटलेलं ४४०२: २ − ० + ४ − ४ = २. पकडलं. शेजारचे दोन अंक उलटे पडले की अकराचा ताळा ते सोडत नाही. आता ४२४० करून पाहा, यात एककाचा आणि शतकाचा अंक बदललाय. नऊचा ताळा: १०, म्हणजे १. अकराचा: ० − ४ + २ − ४ = −६, म्हणजे ५. दोन्ही ताळे जुळले, आणि उत्तर १९८ ने, म्हणजे ९९ च्या दुपटीने चूक.